डाव्या हाताची वेणी

आपल्या भाषेनं डाव्या हाताचं कधी भलं केलं नाही. एखादी गोष्ट दुसरीपेक्षा सरस असली की ती उजवी. एखाद्या माणसाला मुद्दाम बाजूला सारलं की त्याला डावललं. काम अगदीच क्षुल्लक असलं की ते डाव्या हाताचा मळ. आता जिचं सगळं आयुष्य डाव्या हातावर उभं आहे, त्या बाईनं या भाषेत राहायचं तरी कसं?

ती मात्र ठणठणीत राहिली. घरात, गल्लीत आणि कामावर तिला सगळे डावरी म्हणायचे. लहानपणी चिडवायला ठेवलेलं हे नाव तिनं इतकं मनावर घेतलं, की पुढं कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर ती वळून बघायची नाही. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "हात मागायला आले होते दोघं-तिघं. पण सगळ्यांना उजवाच हवा होता." आणि ही पुन्हा सुईत डोकं घालायची.

ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती. धुऊन आलेल्या चादरींमधून फाटक्या बाजूला काढायच्या, त्यांना ठिगळं लावायची, सुटलेल्या शिवणी घालायच्या, हे तिचं काम. खोलीत सदा वाफ, भिंतीला ओल आणि खिडकीशी एक लाकडी टेबल. कात्री उजव्या हाताची, ती डाव्या हातात धरली की कापड चावल्यासारखं कापायची, म्हणून तिच्या अंगठ्याच्या मुळाशी कायमचा घट्टा पडला होता. रुजू झाली तेव्हाच्या मुकादमानं तिला दटावलं होतं, "उजव्या हातानं शिकून घ्या, बघायला कसंतरीच वाटतं." तिनं मानही वर न करता विचारलं, "तुम्हाला चादर सरळ शिवून हवी आहे की हात सरळ हवा आहे?" मुकादम तेव्हापासून तिच्या टेबलाच्या वाटेला गेला नाही.

घरी आली की चादरींचा सूड ती लोकरीवर घ्यायची. तिच्या दोन खोल्यांमध्ये उघडं असं काही राहिलंच नव्हतं. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, बरण्यांना टोप्या, खुर्चीच्या पायांना मोजे. जुन्या कपड्यांच्या चिंध्या वळून केलेली पायपुसणी इतकी देखणी, की पाहुणे त्यांवर पाय न देता लांब टांग टाकून आत यायचे. "पुसा की पाय, त्यासाठीच आहे ते," असं ती ओरडायची. शेजारी चेष्टेनं म्हणायचे, हिच्या घरात फार वेळ बसू नका, तुमच्यावरही काहीतरी विणून टाकेल.

पण हे सगळं ती शिकली कशी, ही गोष्ट वेगळी आहे आणि ती तिच्या ताईची आहे.

आईनं आधीच हात टेकले होते. "या पोरीला शिकवायचं म्हणजे भिंतीकडं तोंड करून चालायचं," असं म्हणून तिनं सुया काढून घेतल्या. मग थोरलीनं, म्हणजे ताईनं, धाकटीला शिकवायचा विडा उचलला. ताई शेजारी बसायची, धाकटीच्या उजव्या हातात सुई कोंबायची, ती डाव्यात गेली की चापट मारायची. पंधरा-वीस टाके झाले की गुंता, गुंता झाला की रडारड. असं बरेच दिवस चाललं. ताईचा हात देखणा होता. तिचे टाके एकसारखे, जणू एका साच्यातून काढलेले, आणि त्या हाताचा तिला अभिमानही होता. तिच्या कामाला धाकटीनं बोट लावलेलं तिला खपायचं नाही. "तुझं बोट लागलं की टाके बिघडतात," असं म्हणून ती लोकर उंच धरायची.

एके दिवशी ताईनं शेजारची खुर्ची उचलली आणि समोर नेऊन ठेवली. "मी माझं विणते. तू तुझं कर. माझ्याकडे बघू नको," म्हणाली. आता बघू नको म्हटल्यावर कोण बघणार नाही? धाकटी बघत राहिली. समोरून बघितल्यावर ताईचा उजवा हात तिच्या डाव्या हाताच्या बाजूला येत होता. आरशात बघून केस विंचरावेत तसं ती समोरच्या हातांसारखे आपले हात हलवू लागली, आणि टाका पडला. दुसरा पडला. संध्याकाळपर्यंत वीतभर पट्टी तयार झाली. ताईनं ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, "उलटंच आहे सगळं." पण उसवायला लावलं नाही.

पुढं आयुष्यभर दोघी भेटल्या की ताई समोरच बसायची. कारण विचारलं तर, "इथं उजेड बरा येतो."

बहिणी होत्या, भांडणंही व्हायची. ताई धाकटीचं काम लोकांना दाखवताना आवर्जून सांगायची, "डावऱ्या हाताचं आहे, सांभाळून घ्या." धाकटी तिथल्या तिथं उलट उत्तर द्यायची, "सांभाळून घेऊ नका, नीट बघून घ्या." ताईचा नवरा लवकर गेला, एक मुलगी मागं ठेवून. त्या भाचीला दोघींनी मिळून वाढवलं. ती शिकली, नोकरीला लागली आणि शेवटी एका दूरच्या थंड शहरात तिला काम मिळालं. तिथं म्हणे श्वास सोडला की नाकासमोर धूर दिसतो.

ताईनं ताबडतोब लोकर आणली. गडद हिरवी, जाड, घट्ट पिळाची. मागचा भाग आणि दोन्ही बाह्या साध्या, आणि पुढच्या भागावर मधोमध एक रुंद वेणी. वेणी म्हणजे दुसरं काही नाही. अर्धे टाके तिसऱ्या छोट्या सुईवर काढून पुढं धरायचे, मागचे आधी विणायचे, मग धरून ठेवलेले. दर काही ओळींनी असं केलं की केसांच्या वेणीसारखे पेड एकमेकांवर चढत जातात. ताईची वेणी सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होती.

बाह्या झाल्या, मागचा भाग झाला, आणि पुढचा भाग सुरू केला तेव्हा ताई आजारी पडली. आजारी म्हणजे चांगलीच. तरी खाटेवर टेकून तिनं तो छातीपर्यंत आणला. हॉस्पिटल तेच, डावरीचं. कामाच्या मधल्या सुट्टीत डावरी धावत वर जायची. ताईच्या अंगाखालच्या चादरीला तिनंच लावलेलं ठिगळ एकदा दिसलं, तर ताई म्हणाली, "इथंही तू आहेसच का?" शेवटी शेवटी बोलणंही कमी झालं. एका दुपारी तिनं पिशवी पुढं सरकवली, आत सुयांसकट अर्धवट स्वेटर. खाटेशेजारच्या खुर्चीकडं निघालेल्या बहिणीला तिनं बोटानं पायथ्याकडं जायला सांगितलं. "शेजारी नको. समोर बस." डावरी समोर बसली. दारातून तेव्हाच मधले भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी आत येत होते. ताई म्हणाली, "पुढचं तू बघ."

एवढंच. त्या आठवड्यात ताई गेली.

आता या तीन शब्दांचा अर्थ काय यावरून घरात जे रामायण झालं ते ऐका. आठवडा उलटल्यावर भाचीच्या जाण्याचा विषय निघाला. दादांच्या बैठकीच्या खोलीत सगळे बसले होते. दादा माणूस मायेचा, पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी डावरीजवळची पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "लोकरीच्या दुकानातल्या बाईंशी मी बोललोय. त्या पूर्ण करून देतात."

"कशाला?" डावरी म्हणाली. "ताईनं मला सांगितलंय. पुढचं तू बघ. स्वेटरचा पुढचा भाग अर्धाच राहिलाय."

"अगं, पुढचं म्हणजे यापुढचं. पोरीकडं लक्ष ठेव, असं तिला म्हणायचं होतं."

"पिशवी हातात देऊन?"

वहिनींनी मध्ये तोंड घातलं. त्या वाईट नव्हत्या, फक्त त्यांना सगळं नीटनेटकं लागायचं. "तुमचा हात चांगलाच आहे हो, नाही कोण म्हणतंय? पण उलटा आहे. ताईंची वेणी एकीकडं वळते, तुमची दुसरीकडं. अर्ध्यातून वळण बदललं तर कसं दिसेल ते? लोक म्हणतील, चुकलंय."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गंमत बघा, उजव्या हाताच्या बाईची वेणी डावीकडं वळते आणि डावऱ्या बाईची उजवीकडं. दोघीही सुई पुढंच धरतात, तरी.

"ताईची शेवटची आठवण आहे ती," दादा म्हणाले. "ती ताईचीच दिसायला हवी. दुकानातल्या बाई म्हणाल्या, मध्येच हात बदलला की जोड दिसतो. म्हणून त्या पुढचा भाग खालपर्यंत उसवतील आणि पहिल्यापासून एका हातानं विणून देतील. कुठं काही कळणार नाही."

डावरी उठून उभी राहिली. ऐकलेलं तिच्या डोक्यात उतरायला थोडा वेळ लागला. उसवतील. दुखऱ्या हातांनी, खाटेवर टेकून बसून ताईनं घातलेला एकेक टाका ओढून काढतील, आणि त्याच लोकरीचा गुंडा करून तिच्यासारखंच दुसरं काहीतरी करतील. आणि त्याला ताईची आठवण म्हणायचं.

"हात लावून दाखवा," ती म्हणाली.

"असं काय करतेस?"

"उसवायचं नाव काढलं तर याद राखा, दादा. तुम्हाला ताईसारखं दिसणारं हवंय. मला ताईनं केलेलं हवंय. दोन्हीत फरक आहे, आणि तो तुम्हाला कळत नसेल तर पिशवी इकडं द्या." आणि त्यांनी द्यायची वाट न बघता तिनं ती त्यांच्या मांडीवरून उचलली. डाव्या हातानं.

भाची कोपऱ्यात बसून होती. तिला दोन्ही बाजूंनी विचारलं गेलं. ती म्हणाली, "मला काही सुचत नाहीये. पण उसवू नका." त्यावर दादांनी शेवटची अट घातली. "ठीक आहे. कर तू. पण वेणीचं वळण ताईसारखंच हवं. तुला जमतं की नाही ते मला ठाऊक नाही."

हे मात्र दादांनी म्हणायला नको होतं. कारण तिला जमत होतं. सुई पुढं धरण्याऐवजी मागं धरली की डावऱ्या हाताची वेणीही डावीकडंच वळते. न जमायला झालंय काय, तो तिच्या डाव्या हाताचा मळ.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी खिडकीकडं तोंड करून तिनं खुर्ची ओढली आणि काम हातात घेतलं. ताईनं ओळ पूर्ण करूनच सुया ठेवल्या होत्या. दुसरी कुणी असती तर काम फिरवून पुढची ओळ सुरू केली असती. डावरीनं फिरवलंच नाही. ताई जिथं थांबली तिथूनच ती त्याच बाजूनं माघारी निघाली. पहिली ओळ अवघड गेली. ताईचे टाके सुईवर उजव्या हाताच्या बाईला सोयीचे बसले होते. समोरून उचलले की त्यांना पीळ पडत होता. मग तिनं एकेक टाका मागच्या बाजूनं उचलला, हळूहळू, झोपलेल्या पोराच्या अंगाखालून हात काढावा तसा. दुसऱ्या ओळीपासून टाके तिच्या हाताचे झाले.

आणि वेणी वळवायची ओळ आली.

तिनं टाके छोट्या सुईवर काढले आणि सुई मागं धरली. विणलं. वळण बरोबर ताईसारखं पडलं. लांबून बघितलं, जवळून बघितलं. दादांच्या बापालाही ओळखू आलं नसतं, आणि तो तर तिचाही बाप होता. कुठंच जोड नव्हता. ताई गेलीच नव्हती जणू. कुणीतरी मध्ये उठून पाणी पिऊन आलं होतं, बस्स.

तिला ते बघून बरं वाटायला हवं होतं. तिच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. हेच तर सगळे तिला जन्मभर सांगत आले होते. तुझा हात दिसू देऊ नको. दुसऱ्यांसारखं कर म्हणजे कुणाला कळणार नाही. आणि इथं तर ताईचं जाणंही कुणाला कळणार नव्हतं! जिथं बाई थांबली, तिथं ती थांबली असं दिसायलाही नको? एवढी माया करून, एवढं भांडून गेली ती, आणि लोकरीवर ओरखडासुद्धा नाही?

ती तशीच सुया धरून बसून राहिली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं तिचं लक्ष गेलं. ताई आली की तिथं बसायची. इथं उजेड बरा येतो म्हणायची. डावरी उठली आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीत जाऊन बसली. खिडकी पाठीशी होती. तिचीच सावली तिच्या हातांवर पडली आणि टाका दिसेना. या खुर्चीत उजेड नव्हता, कधीच नव्हता. ताई इतकी वर्षं तिथं अंधारात विणत बसली होती, धाकटीला समोरून दिसावं म्हणून.

"खोटारडी कुठली," डावरी मोठ्यानं म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. ताई गेल्यापासून ती रडली नव्हती. रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि मागं धरून विणलेली ती ओळ उसवली. फक्त आपली. टाके पुन्हा छोट्या सुईवर काढले आणि या वेळी सुई पुढं धरली.

भाचीला निरोप द्यायला दादांच्या घरी सगळे जमले तेव्हा दारात बॅगा होत्या आणि वहिनी तिसऱ्यांदा कुलपं तपासत होत्या. डावरीनं कागदात गुंडाळलेला स्वेटर काढला आणि टेबलावर पसरला. क्षणभर सगळे खूश झाले, कारण स्वेटर खरोखर सुंदर झाला होता. मग दादा खाली वाकले. त्यांचं बोट वेणीवरून खालून वर गेलं, छातीशी आलं आणि थांबलं. तिथून वेणी उलटी वळली होती.

"अगं, हे चुकलंय," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं ना तुला? जमत नव्हतं तर बोलायचं होतंस."

"जमत होतं. करूनही बघितलं आणि उसवून टाकलं."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम." तिनं त्यांचं बोट तिथून उचललं नाही, उलट त्यावर आपलं बोट ठेवलं. "इथपर्यंत ताई. इथून मी. चूक नाही ही, दादा. ती इथं थांबली. हे मला लपवायचं नाही, आणि कुणी लपवलेलं मी चालवून घेणार नाही. तुम्हाला तिची आठवण हवी होती ना? ही घ्या. तिचा शेवटचा टाका कुठला ते आता डोळे मिटूनही सापडेल."

वहिनी म्हणाल्या, "पण लोक विचारतील हो पोरीला."

"विचारू देत. सांगेल ती."

दादांचं बोट अजून तिथंच होतं. त्यांनी ते थोडं खाली नेलं, पुन्हा वर आणलं, वळण बदलतं त्या जागी थांबवलं, आणि मग ते चष्मा पुसायला खिडकीकडं गेले. चष्मा बराच वेळ पुसत राहिले.

भाचीनं मात्र कुणाची वाट बघितली नाही. तिनं तो स्वेटर डोक्यातून अंगात घातला, बाह्या ओढल्या आणि पॅसेजमधल्या उभ्या आरशासमोर गेली. तिथं ती इतका वेळ उभी राहिली, की गाडीवाल्यानं खालून दोनदा हॉर्न वाजवला. डावरीला वाटलं, बसत नाहीये की काय नीट. ती मागोमाग गेली.

"काय गं? घट्ट होतोय?"

"नाही," भाची म्हणाली. "मावशी, आरशात बघ ना. इथं खालची वेणी तुझ्यासारखी वळलीये आणि वरची आईसारखी."

डावरीनं बघितलं. खरंच तसं होतं. आरशात खालची, ताईची वेणी उजवीकडं वळत होती, आणि तिच्या स्वतःच्या हाताची वेणी ताईच्या हातची दिसत होती.

"मग?" ती म्हणाली. "समोर बसूनच शिकलेय मी."

आणि ती बॅग उचलायला वळली, कारण हॉर्न पुन्हा वाजत होता.